दानम्मांच्या हृदयाची झडप

आमच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सिद्धेश्वरी मॅडम दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर बोकडाची चार हृदयं विकत आणत. त्यांचं घर जुन्या बाळीवेस पेठेतलं, लिंगायत. अंड्याचं टरफलसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. मी केमिस्ट्रीचा मास्तर, धोंडीराम. प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्याकडे. मी दरवर्षी कटकट करायचो, "कशाला ही ब्याद? प्लॅस्टिकचं मॉडेल आहे की." त्या म्हणायच्या, "सर, प्लॅस्टिकची झडप मिटत नाही."

तीन हृदयं उभी चिरून त्या मुलांना आतले चार कप्पे दाखवत. डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याची भिंत उजवीपेक्षा कितीतरी जाड असते. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसापर्यंत ढकलायचं असतं, डाव्याला मात्र टाळूपासून टाचेपर्यंत. चौथं हृदय त्या अख्खं ठेवत आणि त्याच्या महाधमनीत वरून पाणी ओतत. तिच्या तोंडाशी असलेले तीन पडदे फुगून एकमेकांना टेकत आणि पाणी तिथंच उभं राही. बाहेर गेलेलं रक्त पुन्हा आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्या झडपेचं काम. बाकी वेळ गोंधळ घालणारी कार्टी तेव्हा टेबलाभोवती माना वाकवून बघायची.

त्या दिवशी त्यांच्या सासूबाई, दानम्मा, मागच्या दारी पाण्याची बादली भरून ठेवत. डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय सुनेला घरात पाऊल टाकता येत नसे. पण याच बाईंनी दोन नातवंडं सांभाळून सुनेला एम.एस्सी. करायला लावलं होतं. मी एकदा बादलीवरून चेष्टा केली, तर मला म्हणाल्या, "शिकवणं तिचं हाय, नेम माझा हाय. तुमचं काय अडलंय?"

तीन वर्षांपूर्वी भाकरी थापता थापता दानम्मा चक्कर येऊन पडल्या. वय अडुसष्ट. तपासणीत निघालं की महाधमनीच्या झडपेचे तिन्ही पडदे चुना धरून कडक झालेत. झडप पुरती उघडत नव्हती आणि तेवढ्याशा फटीतून रक्त ढकलता ढकलता हृदय दमत चाललं होतं. ऑपरेशन केलं नाही तर वर्ष, फार तर दोन, असं डॉक्टर म्हणाले.

नवी झडप दोन प्रकारची मिळते. एक जनावराच्या, बहुतेक गाईच्या, हृदयावरच्या आवरणापासून शिवलेली. दुसरी धातूची, ती जास्त टिकते, पण रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. दानम्मांना पोटात अल्सर होऊन एकदा रक्तस्राव झालेला. डॉक्टरांनी जनावराची सुचवली.

मॅडमचे यजमान गुरुशांत यांचं भुसार मालाचं दुकान. त्यांनी आईबाबत तिथल्या तिथं निकाल दिला, "अव्वाला सांगायचं नाही. टिश्यूची झडप म्हणायचं, बास."

मॅडमनी मला विचारलं. मी काही साधुसंत नाही. मी म्हणालो, "खोटं बोला आणि माणूस वाचवा. त्यांना कोण सांगायला जातंय?"

"मी बावीस वर्षं त्यांचा नेम पाळला, सर," त्या म्हणाल्या. "त्या बेशुद्ध असताना तो मोडू? आणि सांगितलं आणि त्या नको म्हणाल्या, तर त्यांना मी मारल्यासारखं होईल. मला खरंच काही सुचत नाही." मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली, पण मी तो मागे घेतला नाही.

त्यांनी सांगितलं. दानम्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू पोरांना दाखवतीस ते मला दाखव."

रविवारी मी प्रयोगशाळा उघडली. दानम्मा स्टुलावर बसल्या, नाकाला पदर. मॅडमनी बोकडाच्या हृदयात पाणी ओतलं. तीन पडदे मिटले.

"माझी हीच बिघडलीय?"

"व्हय, अव्वा."

"दिवसाला किती येळा उघडती?"

"लाखभर वेळा."

दानम्मा वाकून बघत राहिल्या. "जीव गेला तरी हिनं पाणी धरलंय की," त्या म्हणाल्या. मग पदर सावरून ताठ बसल्या. "जनावराचं जनावराला असू दे. मला धातूची बसवा."

मॅडमनी परोपरीनं विनवलं. गोळी, अल्सर, कुठंही रक्त फुटण्याची भीती, सगळं पुन्हा सांगितलं. मीही मध्ये तोंड घातलं. दानम्मा म्हणाल्या, "समदं खरं सांगितलंस न्हवं? मग आता माझं ऐक."

धातूची झडप बसली. जवळ बसलं की तिची टिकटिक ऐकू यायची. दर महिन्याला मॅडम त्यांना रक्त तपासायला नेत. एकोणीस महिने दानम्मा चालल्या-फिरल्या, नातीच्या लग्नात हळदीला पुढे होत्या. मग न्हाणीत पाय घसरला, डोक्याला मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

गुरुशांत बायकोला एकदाच म्हणाले, "तू गप्प बसली असतीस तर अव्वा आज असती." दुसरी झडप असती तर त्या वाचल्या असत्या का, हे डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही. पण त्या वाक्यानंतर मॅडम वाळत गेल्या. त्या दिवाळीनंतर त्यांनी हृदयं आणली नाहीत. प्लॅस्टिकच्या मॉडेलवर बोट ठेवून शिकवलं. मला ते बघवलं नाही.

पहिल्या पुण्यतिथीला मी गेलो होतो. जेवणं झाल्यावर गुरुशांत माझ्या शेजारी ओसरीवर टेकले. मग म्हणाले, "सर, पडल्यावर दवाखान्यात नेताना रिक्षात अव्वा शुद्धीवर होती. म्हणाली, 'सिद्धेश्वरीला बोल लावू नको. तिनं मला इचारलं. माझ्या जन्मात मला कुणी इचारलं नव्हतं.'"

"हे मॅडमना माहीत आहे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "राग होता हो. नंतर लाज वाटायला लागली. आता कुठल्या तोंडानं सांगू?"

खोट्याचा सल्ला देणारा मी, पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. भरल्या घरात मी त्या माणसाचा दंड धरून त्याला उठवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात नेऊन उभं केलं. मॅडम पंगतीची ताटं आवरत होत्या. गुरुशांतनी खाली बघत आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

मॅडमनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसल्या. सासू गेली त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. मग डोळे न पुसताच त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"वर्षभर हे तुमच्याजवळ होतं?" त्या म्हणाल्या.