मार्थाबाईंचं आमेन

आदरणीय मार्थाबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत, आणि त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी लिहावं असं आमच्या भगिनी मंडळाने एकमताने ठरवलं. एकमत कसलं, चौघी जणी घरी येऊन बसल्या, चहा प्यायल्या आणि माझा होकार घेऊनच उठल्या. जाताना एकीने वर बजावलं, "शेवटी बाईंच्या दीर्घायुष्यासाठी देवाकडे मागणं लिही हं. सगळ्यांनी लिहिलंय." तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. माझी लेक एस्तेर गेल्यापासून मी देवाकडे काही म्हणजे काही मागितलेलं नाही. उपासनेला जाते, गीतं गाते, पण मागत नाही. लिहायला बसते आणि उठते. कधी गॅस बारीक करायला, कधी उगाचच. आता शेवटाचं शेवटी बघू म्हणून हे लिहिते आहे.

बाईंची आणि माझी पहिली भेट मरोळच्या आमच्या छोट्या मंडळीत झाली. मी लग्न होऊन नगरहून नुकतीच मुंबईत आले होते. चर्चमध्ये मागच्या बाकावर अंग चोरून बसले. बाई तेव्हा शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज मुख्याध्यापिकेचाच. "नाव काय गं? विमल? मग पुढे ये विमल. मागे बसणाऱ्यांना डुलक्या येतात." मला राग आला होता. राग मला लवकर येतो, हे वाचकांनी आत्ताच लक्षात घ्यावं.

बाई स्वतः तरुणपणी विधवा झाल्या. पण दुसरीच्या घरी जाऊन त्यांनी आपलं दुःख कधी काढलं नाही. मंडळातल्या आम्हा बायकांना त्यांनी एक शिस्त घालून दिली होती. ज्या घरी कुणी गेलं असेल तिथे पहिल्या दिवशी बायबलमधलं वचन वाचायचं नाही, पाणी भरायचं. नळ काही सुतक पाळत नाही, असं त्या म्हणत. पहाटे नळ आला की बाई पदर खोचून त्या घरचे हंडे घेऊन रांगेत उभ्या.

आमच्या चाळीतल्या सावंतकाकूंचे यजमान संपानंतर गिरणी सुटली तसे खचले आणि त्यातच गेले. काकू मालवणच्या, घरात देव्हारा, गणपती. आमच्यातल्या काही जणी म्हणाल्या, तिथे आपलं काय काम? बाई हंडा उचलून निघाल्यासुद्धा. पाणी भरून झाल्यावर काकूंच्या शेजारी बसून त्या तांदूळ निवडत राहिल्या. बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "गो बाये, तुझो देव माका ठावक नाय. पण तू हयसर बस. आणि काय तरी सांग त्येका माझ्यासाठी." तेव्हा कुठे बाईंनी डोळे मिटले. प्रार्थना इतकी हळू होती की मला ऐकू आली नाही. काकू मात्र त्यानंतर पोटभर रडल्या आणि दोन घास जेवल्या.

आता माझ्याकडे येते. एस्तेर सहा वर्षांची होती. ताप आला, मेंदूत गेला, आणि संपलं. लोक भेटायला आले. कुणी म्हणालं, देवाला चांगली फुलं आधी लागतात. कुणी म्हणालं, ती आता सुखात आहे. जणू माझ्याकडे ती सुखात नव्हती. मला एका जागी बसवेना. ताट पुढ्यात आलं की उठायची, कुणी बोलायला लागलं की दाराबाहेर. बाई रोज पाणी भरून जात होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

काही आठवड्यांनी मला जबरदस्तीने मंडळाच्या सभेला नेलं. आमच्याकडे साखळी प्रार्थना असते. गोल बसायचं, एकीचं संपलं की सगळ्यांनी आमेन म्हणायचं आणि पुढचीने सुरू करायचं. कुणाला पाळी चुकवता येत नाही. माझी पाळी आली. मी डोळे उघडे ठेवून म्हणाले, "देवा, तू माझी पोरगी नेलीस. मी तुझ्याकडे आता काही मागणार नाही. पुन्हा कधीच नाही." आणि बाई स्पष्ट म्हणाल्या, "आमेन." त्यांच्या पाठोपाठ सगळ्या बायका सवयीने "आमेन" म्हणून मोकळ्या झाल्या, आणि मग एकमेकींकडे बघायला लागल्या.

गोष्ट चर्चच्या पाळकसाहेबांपर्यंत गेली. त्यांनी बाईंना बोलावून विचारलं, की अशा बोलण्याला आमेन म्हणतात का. मीही होते तिथे. बाई म्हणाल्या, "साहेब, ती कुणाशी बोलत होती? त्याच्याशीच ना? मग ती प्रार्थनाच झाली." पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी विषय वाढवला नाही.

त्यानंतर बाई मला म्हणाल्या, "तुला बसवत नाही ना? मग चल." आणि आम्ही आरे कॉलनीत चालायला जायला लागलो. बाईंचे गुडघे तेव्हाही दुखायचे. छत्री टेकत टेकत त्या गोठ्यांवरून पार पाड्यापर्यंत यायच्या. मी तरातरा पुढे जायची, परत मागे यायची, भांडायची. देवाशी, बाईंशी, गोठ्यातल्या म्हशींशीसुद्धा. बाई ऐकायच्या. एकदा मी विचारलं, "बाई, मी मागत नाही, तर मग मी कसली ख्रिस्ती?" त्या झाडाखाली दम खायला थांबल्या. म्हणाल्या, "भांडतेस म्हणजे घर सोडून गेलेली नाहीस. तुझ्या वाटचं मी मागत जाईन. तुला जमेल तेव्हा सांग, मग मी थांबवीन." घरी आल्यावर त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी झोपले. विश्वासाने माझं दुःख कमी झालं, असं मी लिहिणार नाही, कारण ते खोटं होईल. पण मला दुःखासकट कुठेतरी जागा होती, आणि ती बाईंनी धरून ठेवली होती.

मी बाईंना "आता थांबवा" असं कधी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

मध्यंतरी बाईंना हृदयविकाराचा झटका येऊन गेला. आम्ही सगळ्या हॉस्पिटलात जमलो आणि खाटेभोवती साखळी प्रार्थना सुरू झाली. माझी पाळी आली. तोंड उघडेना. माझ्यासाठी इतकी वर्षं जी बाई मागत आली, तिच्यासाठी माझ्या तोंडून एक शब्द निघेना. तेवढ्यात उशीवरून बाईंचा बारीक आवाज आला, "आमेन." माझ्या गप्प बसण्यालाही त्यांनी आमेन म्हटलं. मी जिन्यात जाऊन रडले. स्वतःचाच इतका संताप आला होता की काय सांगू.

घरी आल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. बाई सावंतकाकूंसाठी मागतात, माझ्यासाठी मागतात, सगळ्या मरोळसाठी मागतात. स्वतःसाठी मागताना त्यांना मी कधी ऐकलेलं नाही. म्हणजे ते कुणीतरी मागायलाच हवं, आणि ही माझी पाळी आहे. ती चुकवता येत नाही.

तर देवा, आपलं भांडण मिटलेलं नाही. एस्तेरचं मी विसरलेले नाही, तूही विसरू नकोस. पण आमच्या मार्थाबाईंना आमच्यात ठेव. पुष्कळ वर्षं ठेव. त्यांच्या छातीला बळ दे, गुडघ्यांना आराम दे, पाड्यापर्यंत चालवेल एवढा दम दे. हंडे आता आम्ही भरू. त्यांनी नुसतं खुर्चीत बसून आमच्यावर ओरडावं.

आणि बाई, या वेळी माझ्याऐवजी तुम्ही आमेन म्हणू नका. माझ्या वाटचं मागणं आजपासून थांबवा. हे मी माझ्या तोंडाने म्हणते आहे. आमेन.