पाण्याच्या दिवशी मोटरीचं अपडेट

खुब्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना डॉक्टरांनी अखेर आंघोळीची परवानगी दिली. तोवर मी त्यांना ओल्या फडक्यानं पुसून काढत होते. डोक्यावरून पाणी घ्यायला त्या आसुसल्या होत्या. "नळाला पाणी आलं की लगेच घालते, आई," असा शब्द मी देऊन बसले.

आता संभाजीनगरात नळाला पाणी येणं म्हणजे सण. रोज येत नाही, अन् येतं तेही करंगळीएवढं. म्हणून सगळी गल्ली नळाला मोटरी लावते. नियमात बसत नाही, पण आपण नाही लावली तर आपलं पाणी शेजारच्यांच्या टाकीत जातं.

आमच्या मोटरीला पूर्वी साधा स्टार्टर होता. हिरवं बटण दाबलं की चालू, लाल दाबलं की बंद. एवढं सोपं आमच्या ह्यांना कसं खपावं? इंजिनिअर ना! स्टार्टर दिला भंगारवाल्याला, अन् बसवली मोबाइलवरून चालणारी डबी.

त्या सकाळी गल्लीत पहिली मोटर घुरघुरली तशी मी ओरडले, "अहो, पाणी आलं!" ह्यांनी ऐटीत मोबाइल काढला. त्यावर लिहिलेलं, ‘अपडेट केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.’ केलं सुरू. ते अर्ध्यात थांबलं. ‘काहीतरी चुकलं.’ अन् खाली एकच बटण, ‘ठीक आहे’.

अरे, काय ठीक आहे? काय चुकलं, कुणाचं चुकलं, सांगशील का मेल्या? ह्यांनी मुकाट ‘ठीक आहे’ दाबलं. तर तो विचारतो, ‘अपडेट रद्द करायचं?’ आणि खाली दोन बटणं, ‘रद्द’ आणि ‘ठीक आहे’. घ्या आता! कोणतं दाबलं की काय रद्द होतं, हे लिहिणाऱ्याच्या बापालाही सांगता आलं नसतं. ह्यांनी ‘रद्द’ दाबलं, तर सगळं पहिल्यापासून सुरू. मग ‘ठीक आहे’ दाबलं, तर पुन्हा काहीतरी चुकलं.

"ती डबी काढा अन् वायरी सरळ जोडा," मी म्हणाले.

"वॉरंटी जाईल ना."

"पाणी चाललंय! तुमच्या आईला वॉरंटीनं आंघोळ घालू का?"

तेव्हा कुठं हे पेचकस शोधायला उठले. तोवर गल्लीतल्या मोटरी एकेक करून बंद व्हायला लागल्या. आमच्या नळानं शेवटची गुळणी टाकली आणि तो गप्प झाला. मला रडूच आलं.

आणि मोबाइल टुणकन वाजला. ‘अभिनंदन! अपडेट यशस्वी.’ मोटर आपोआप चालू झाली अन् नुसती हवा ओढत बोंबलायला लागली. "बघ, झालं की नाही!" हे पेचकस हातात धरून हसत होते. ह्या माणसाला काय म्हणावं!

मी आतल्या खोलीत गेले. मोटरीचा आवाज ऐकून सासूबाई पलंगाच्या कडेला सरकून बसल्या होत्या. वेणी सोडून, खांद्यावर पंचा टाकून तयार.

"लागली व्हय मोटर? लई बरं झालं. आधी माझ्या डोक्यावर दोन तांबे घाल गं."

मी त्यांच्या मोकळ्या केसांकडं बघितलं. तोंडातून निघालं ते एवढंच, "आई, काहीतरी चुकलं."

"काय चुकलं गं?" त्यांनी विचारलं.