घडीव पिस्टनची खडखड

आमची चिनात्सु सदा घाईत. तिच्या टर्बो गाडीचं इंजिन फुटलं, तेव्हा मी मेकॅनिक ओरिहारासानना म्हटलं, "कंपनीचेच पिस्टन घाला. वेग तरी कमी राहील."

"आणि पुन्हा फुटलं तर, आई? मला मजबूत, घडीवच हवेत."

ओरिहारासान हसले. "घडीव पिस्टन थंडीत खडखडतात, पोरी. गरम होईपर्यंत गाडी हलवायची नाही. जमेल?"

"हिला? भात मुरेपर्यंत धीर नसतो हिला!"

तरी तिने घडीवच बसवले. आता माएबाशीच्या गारठ्यात ती रोज सकाळी खडखडत्या गाडीत बसून राहते. मी ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, घेऊन खिडकीशी जाते. आम्ही बोलतो. आवाज विरला की ती घाटाकडे निघते.

उद्या थंडी वाढणार आहे. खडखड जरा जास्त वेळ चालेल.