घड्याळकाकूचा चमचा

आमच्या काकूला सगळं गाव घड्याळकाकू म्हणतं. काकांची उजवी बाजू लुळी पडली त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला पावडर, साडेबाराला जेवण, यात तिची मिनिटाची चूक नाही. भरवताना ती चमच्यावर फुंकर मारते आणि काकांच्या आधी स्वतःच आ करते. आम्ही पोरी तिची नक्कल करायचो. ती स्वतः जेवते ते सगळं आटोपल्यावर, गार झालेलं.

दर गुरुवारी दवाखान्यातल्या नर्सबाई स्कूटरवरून घरी येऊन काकांना तपासतात. परवा त्यांनी काकांच्या उजव्या हातात आपलं बोट दिलं आणि ते सोडवताना त्यांच्याच नाकी नऊ आले.

"काकू, या हातात जीव आहे की! आजपासून यांना स्वतः जेवू द्या. तुम्ही भरवत राहिलात, हात आळशी झाला."

"म्हणजे मी चुकले?"

"चुकलात असं नाही..."

"मग बरोबर केलं?"

नर्सबाई आपली बॅग आवरू लागल्या. मला त्यांचा रागच आला. नऊ वर्षं राबलेल्या बाईला असं सांगतात का? पण मूठ तर खरंच वळत होती. राग कुणावर काढावा, मलाही कळेना.

काकू काकांकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"थोडं थोडं."

"मग बोलला का नाहीत?"

"मला भरवायला बसायचीस, तेवढीच दिवसभरात टेकायचीस."

हसावं की रडावं, तिला समजेना. साडेबारा वाजले. तिने ताट वाढलं, चमचा काकांच्या हातात दिला आणि आपले हात मांडीखाली दाबून बसली. पहिला घास छातीवर सांडला. दुसरा हनुवटीला लागला. तिसरा पोचला. काकूचा आ तसाच राहिला होता.

"हे स्वतः जेवणार, मग मी काय करायचं गं?" तिने मला विचारलं. खरंच विचारत होती.

"तू पण जेव."

"आत्ता? यांच्याबरोबर?"

दोनदा विचारून तिने ताट घेतलं. मऊ भाताचा वाफाळता घास तोंडात घातला आणि "आई गं!" म्हणून ओरडली. जीभ पोळली होती.

काकांचा चमचा मध्येच थांबला.

"फुंकर मार आधी," ते म्हणाले.