दगडखाणीत, केसांसकट

मालवणची बाई पाण्याखाली जायला शिकण्यासाठी नगर जिल्ह्यात निघाली, यावर आमच्या वाडीत चांगली करमणूक झाली. नवरा म्हणाला, "दर्यो दारात आसा, आनि तू बुडूक नगराक जातंस?" मी म्हटलं, हसा. पावसाळ्यात आमचा समुद्र बंद असतो, गढूळही असतो, आणि मला स्कूबाचं प्रमाणपत्र हवं होतं ते सीझन उघडायच्या आत. आमच्या बोटीवर मी आजवर फक्त तिकिटं फाडली आणि लोकांना जॅकेटं चढवली. पर्यटकांना पाण्याखाली नेणारे सगळे पुरुष. बोटवाले बाबलशेठ म्हणाले होते, "कागद आण, बायकांचं गिऱ्हाईक तुझं. नाहीतर माझा भाचा आहेच." त्या भाच्याचं नाव काढलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

अडचण एकच होती आणि ती माझ्या पाठीवर लोंबत होती. माझे केस कमरेच्या खाली येतात. नवस नाही, व्रत नाही, कुणाची आठवण वगैरे काही नाही. मला ते आवडतात, बस्स. ते मी धुते, विंचरते, आरशात वळून वळून बघते, आणि त्याची मला जराही लाज वाटत नाही.

पुण्याहून नगरच्या एसटीने सुप्याला उतरले. घाटावर पाऊस असा नव्हताच. आभाळ भरलेलं, वारा भन्नाट, पण जमीन नुसती ओलसर. दोन्ही बाजूंना बाजरी पोटरीला आलेली, मध्येच मुगाचे पट्टे, आणि कुठेही नजर टाका, काळा दगड वर डोकावतोय. आमच्याकडे ऑगस्टमध्ये छत्रीशिवाय घराबाहेर पाऊल पडत नाही. इथे मी छत्री उगाच वागवत जीपमध्ये बसले. ड्रायव्हरने विचारलं, "खानीवर का? पान्यात जायाला?" मी हो म्हटल्यावर तो माझ्या वेणीकडे बघून म्हणाला, "लई केस हायेत तुमाला." इथपासूनच सुरुवात झाली म्हणायची.

खाण म्हणजे जुनी दगडखाण. दगड काढता काढता खाली झरे लागले आणि ती भरली. चहूबाजूंनी काळे उभे कडे, मध्ये हिरवंगार, स्वच्छ पाणी. समुद्राकाठी जन्मले तरी इतकं नितळ पाणी मी कमीच पाहिलं होतं. शिकवणारे सर याच तालुक्यातले, हळू आवाजात बोलणारे. राहायची सोय खाणीला लागून असलेल्या वस्तीवर (शेतातलं घर) केली होती, कौसाबाईंकडे. साठी ओलांडलेल्या, काटक, नऊवारी नेसणाऱ्या. मी त्यांना मावशी म्हणू लागले आणि त्या मला बाय.

पहिल्याच जेवणात माझी फजिती झाली. मावशी म्हणाल्या, "आज मासवडी केलीया खास." श्रावण! मी श्रावण पाळते. पण पाहुणी म्हणून आले, पहिल्याच दिवशी ताट कसं नाकारू? मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि तुकडा मोडला. आत तीळ आणि खोबरं! बेसनाची वडी, आकार तेवढा माशाचा. मी सांगितलं तेव्हा मावशी हसून हसून भिंतीला टेकल्या. "आगं, हितं मासा कुठनं आनायचा?" वरून झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. देवाची माफी परत घेतली आणि दोन भाकरी हाणल्या.

शुक्रवारी पाण्यात उतरले. केसांचा उंच अंबाडा घातला होता. डोळ्यांवरच्या मास्कचा पट्टा डोक्यामागे सपाट बसावा लागतो. माझा अंबाड्यावर चढून बसला. पाण्यात मान खाली घालताच मास्क कपाळावरून उचलला गेला आणि नाकाडोळ्यांत पाणी. सर म्हणाले, "होतं पहिल्यांदा. उद्या केसांचं काहीतरी बघा."

संध्याकाळी हे मावशींना सांगितलं. त्यांनी माझा अंबाडा सोडला, हातात घेतला आणि निदान केलं, "कोरडे हायेत, म्हनून फुगत्यात. पान्यात जायचं आन डोकं कोरडं?" नाही म्हणायची सवड मिळालीच नाही. ओसरीवर मला पुढ्यात बसवलं आणि वाटीभर कोमट खोबरेल डोक्यात जिरवलं. या भागात लेकीबाळी माहेराला आल्या की आधी तेल, मग बाकीचं. मला इतकं बरं वाटलं की डोळे मिटायला लागले. घट्ट वेणी घातली, तिचा अंबाडा मानेवर आणला. आरशात बघून मी स्वतःवर खूश झाले.

शनिवारी सकाळी खरी परीक्षा होती. तळाशी गुडघे टेकायचे, मास्क काढायचा, परत लावायचा, मान वर करून नाकाने जोरात हवा सोडायची म्हणजे आतलं पाणी निघून जातं. पोहायला येतं मला, भीती कधी वाटली नाही. पण त्या दिवशी मास्क परत लावला तर पट्टा तेलावरून सुळ्ळकन सरकला. हाताने दाबून धरला, हवा सोडली, पाणी गेलं आणि लगेच परत भरलं. पुन्हा तेच. काही दिसेना, नाकात पाणी. आणि मी वर सुटले. श्वास धरून, वेड्यासारखी. सरांनी पाठीवरच्या टाकीच्या पट्ट्याला पकडून मला अडवलं, तोंडातल्या हवेच्या नळीकडे बोट दाखवून श्वास सोडायला लावला आणि हळूहळू वर आणलं.

काठावर ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "रेश्माताई, असं वर येण्यात माणसाची फुप्फुसं फाटतात. उद्या शेवटचा दिवस. तुम्ही पुढे दुसऱ्यांना खाली नेणार, त्यांचा जीव तुमच्या हातात. केस आवरत नसतील तर कापा. नाहीतर मी सही करणार नाही." बरोबरच होतं त्यांचं.

वस्तीवर आले ती थेट म्हणाले, "मावशी, कात्री द्या."

"कशाला?"

"केस कापते. खांद्यापर्यंत."

मावशींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "आज शनिवार हाय. श्रावनातला. आज केसाला लोखंड लावायचं न्हाई."

"मावशी, माझी पोटापाण्याची गोष्ट आहे हो!"

"आसंल. उद्या उन्हं वर आली की मीच देती कात्री. आज न्हाई म्हंजी न्हाई." आणि कात्री उचलून, माझ्यादेखत, धान्याच्या कणगीमागे टाकून दिली.

मला रडू फुटलं. सरळ सांगते, केसांसाठीच रडले. भाचा, बाबलशेठ, कागद, सगळं एकीकडे आणि माझी वेणी एकीकडे, असं झालं होतं. मावशी शेजारी बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "रडून झालं का? चल, मला दाव तरी पानी शिरतंय कुठनं."

गोठ्याजवळ जनावरांचा हौद होता. मास्क लावून मी त्यात तोंड घातलं. शेजारी म्हैस रवंथ थांबवून बघत राहिली. तोंड घालायचं, काढायचं, पट्टा वर करायचा, खाली करायचा, असं किती वेळ चाललं देव जाणे. पाणी शिरतच होतं. शेवटी वैतागून मास्क काढला, उलटा केला, आणि आतल्या रबरी कडेला चिकटलेलं दिसलं ते बघून मी थक्क झाले. केस. पण माझे लांब केस नव्हेत. कानशिलावरचे, कपाळावरचे, बोटभर लांबीचे, तेलाने चप्प बसलेले केस कडेखाली गेले होते आणि त्यांच्या वाटेने पाणी आत येत होतं. लांब वेणी बिचारी मागे गप्प पडून होती! खांद्यापर्यंत कापले असते तर वेणीत न बसणाऱ्या असल्या बटा आणखी वाढल्या असत्या.

मग दोघींना चेव चढला. शिकेकाई उकळून सगळं तेल काढलं. एक उंच अंबाडा नको म्हणून मानेजवळून दोन खालच्या वेण्या घातल्या, म्हणजे पट्टा वर सपाट बसेल आणि टोकं पोशाखाच्या गळ्यात जातील. आता राहिल्या बटा. त्या मागे दाबायला ताणाची पट्टी हवी होती. मावशींनी दोरीवरचं मामांचं, म्हणजे त्यांच्या मालकांचं, बनियन ओढलं, कणगीमागे हात घातला आणि कात्री बाहेर काढली.

"मावशी, शनिवार!"

"बनियनला कसला आलाय शनिवार?" म्हणत त्यांनी सरळ गोल पट्टी कापली. मामा ओसरीवरून ओरडले, "आगं, नवं हुतं ते!" कुणी लक्ष दिलं नाही.

रविवारी सकाळी खाणीच्या तळाशी गुडघे टेकले. गार पाणी, वरून हिरवा उजेड. सरांनी खूण केली. मास्क काढायला हात वर जाईना. नळीतून एक श्वास घेतला, सोडला. दुसरा घेतला. मग काढला. गालावर गार पाणी आलं. परत लावला, बोटाने कपाळाची कड चाचपली, बट एकही नाही. मान वर, नाकाने हवा. पाणी गेलं. मी वाट बघत राहिले. ते परत आलं नाही! समोर सर स्वच्छ दिसले, बोटांचा गोल करून दाखवत. नळी तोंडात असताना हसू नये म्हणतात. मी हसले, आणि थोडं पाणी प्यायले.

वर आले तर काठावर मावशी भाकरी घेऊन उभ्या. सर सही करणार म्हणून मी सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या ओल्या तोंडावरून हात फिरवला. मग जरा घुटमळून विचारलं, "बाय, खाली पायऱ्या हायेत का गं?"

होत्या. कड्यात खोदलेल्या, पाण्यात उतरत गेलेल्या. मी सांगितलं.

"दुष्काळात आमी फोडलीया ही खान. रोजगार हमीचं काम हुतं. मी नवी नवरी, थोरला पोटात. त्या पायऱ्यांनी डोक्यावर पाटी घिऊन चढायचे. मग पानी लागलं, काम बंद. त्याच्यानंतर पायऱ्या न्हाई पाह्यल्या."

"बघायच्यात?"

"छ्या! म्हातारीला लोक हसत्याल." पण नजर पाण्यावरून हलेना. म्हटलं, हसू देत लोक. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली आणि स्वतः पाण्यात उतरून आमच्या पुढ्यात उभे राहिले.

मावशींना दगडावर बसवलं. त्यांचे पांढरे केस विरळ, पण कपाळावर बटाच बटा. दोन बारीक वेण्या घातल्या, माझ्या डोक्यावरची पट्टी काढून त्यांना चढवली, मास्कचा पट्टा सपाट बसवला, तोंडात श्वासाची आखूड नळी दिली. कासोटा घट्ट खोचून त्या माझा हात धरून कमरेएवढ्या पाण्यात उतरल्या. पहिल्यांदा तोंड घातलं आणि ठसकून बाहेर आल्या; नळीतून श्वास घेण्याऐवजी नाकाने घेतला होता. मी म्हटलं, पुरे का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि परत वाकल्या. माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. बराच वेळ नुसता त्यांच्या नळीचा आवाज. मग त्या उठल्या, मास्क वर केला. डोळे भरलेले.

"हायेत गं," म्हणाल्या. "समद्या हायेत."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून केस मोकळे सोडले. लोकांनी बघितलं, बघू देत. पिशवीत कागद होता, पण मी विचार करत होते तो मावशींचाच. आमच्या बोटीवर किती बायका नवऱ्यांचे चष्मे आणि पाकिटं सांभाळत बसतात, आणि विचारलं की म्हणतात, नको, केस ओले होतील. मी ते नेहमी खरं मानलं. आता मानणार नाही, एकदा तरी परत विचारीन.

सीझन उघडला त्या सकाळी बाबलशेठनी माझा कागद उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "ठीक आहे. पण खरंच कुठल्या बाईला पाणी दाखवलंयस का आजवर?"

"दाखवलंय की," मी म्हटलं. "पासष्टीच्या आहेत. पोहायला येत नाही."