कोवळ्या सागाचा पाट

मुंबईतली नोकरी संपवून बाबा संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी परतले आणि घरामागच्या वरकस, भात न होणाऱ्या जमिनीत त्यांनी क्लोन सागाची रोपं लावली. एकाच झाडापासून केलेली, म्हणून सगळी सारखी. भराभर वाढली, सरळसोट. मी रत्नागिरीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तुझ्या वर्गातही एवढी शिस्त नसेल, असं ते मला चिडवायचे. त्यांना हौस एकच होती, घराचं पुढचं दार आपल्या सागाचं व्हावं आणि ते आपल्या डोळ्यांनी बघावं.

मागच्या वर्षी हृदयाचं दुखणं निघालं आणि त्यांना घाई सुटली. एक झाड तोडलं. लाकूड फिकट निघालं, काळसर गाभा जेमतेम मधोमध. मला शंका आली. त्याचा थोडा भुसा आणि घरातल्या जुन्या सागवानी फळीचा थोडा, असे दोन्ही कॉलेजात नेऊन स्पिरिटमध्ये भिजत घातले. जुन्याचा रंग कोऱ्या चहासारखा उतरला. आमचा जेमतेम पिवळट.

वाळवीला दूर ठेवणारी द्रव्यं सागाच्या गाभ्यात वयानुसार सावकाश साठतात. आमच्या झाडाने सगळं बळ वाढण्यात घातलं होतं. कोवळ्या लाकडात साखर आणि स्टार्चच जास्त, म्हणजे वाळवीला मेजवानी. वर्गात हे मी घडाघडा सांगते. बाबांना मात्र अडखळत सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग सागाचं एक कोवळं पान तोडून तळहातावर चोळलं. हात लाल झाला. रंग तर आहे की, असं त्यांचं म्हणणं. पानातला रंग लाकडात उतरत नाही, हे मला सांगावं लागलं. माझाच मला राग आला.

"आनखी किती वर्सं गो?"

"बरीच, बाबा."

हात धुऊन आले, तरी लाली गेली नव्हती.

"मंग बाकीची राहूंदे उभी. दार तुझं. माझ्यासाठी ह्याचा पाट कर."

पाट झाला. जेवण झालं की उचलून ठेवायचा, त्यामुळे वाळवीची भीती नाही. मी त्याला अळशीचं तेल चोळते. डॉक्टरांनी जमिनीवर बसायला बंदी केली आहे, म्हणून बाबा तो खुर्चीवर ठेवून जेवतात. उंच बसल्यामुळे मागच्या खिडकीतून सगळी झाडं दिसतात, असं ते खुशीत सांगतात. दार होईल तेव्हा ते बघायला नसतील, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

मला त्या दाराची मुळीच घाई नाही.