तांब्याभर पाणी

न्यू जर्सीत पाम लावायचा म्हणजे कोकणात सफरचंद लावण्यातला प्रकार, हे मी सासऱ्यांना तोंडावर सांगितलं होतं. ते नुसते हसले. २००३ च्या उन्हाळ्यात ते आणि सासूबाई आमच्याकडे वेस्ट विंडसरला आले होते. जन्मभर पोफळी वाढवलेला माणूस, नर्सरीत पाम दिसल्यावर ऐकणार थोडाच! थंडी सोसणारी जात आहे म्हणून कमरेएवढं झाड घेतलं आणि टाउनहाऊसच्या मागे, उन्हाच्या भिंतीला धरून स्वतःच्या हातानं लावलं. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी पुटपुटले.

दोघं परत गेली आणि दिवाळीच्या तोंडावर सासरे किडनीच्या दुखण्यानं वारले. नवरा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. येताना तो सासूबाईंना घेऊन आला.

मग त्यानं त्या पामचा ध्यास घेतला. भोवती जाळी उभी केली, तिच्यात सुका पाला भरला, उबेसाठी जुन्या बल्बची माळ सोडली, वरून कापड गुंडाळलं आणि शेंड्यावर बादली उपडी घातली. एकच गोष्ट त्यानं आम्हाला बजावली होती, शेंड्यात पाणी जाता कामा नये. पाणी गोठलं की मधला कोंभ कुजतो, आणि कोंभ गेला की झाड गेलं. संध्याकाळी न्यूयॉर्कच्या ट्रेनमधून उतरून घरी आला की बूटही न काढता आधी मागे जायचा. "बाबांचं एवढं तरी जगवायचंय," म्हणायचा. आधी मी चेष्टा करायची, पण डिसेंबर येईपर्यंत मीसुद्धा उठल्याउठल्या थर्मामीटर बघायला लागले.

जानेवारीत एकदा बर्फामुळे माझं ऑफिस बंद होतं. नवरा मात्र गेला होता. चहा टाकताना खिडकीतून पाहिलं, तर सासूबाई साडीवर त्याचं जॅकेट चढवून, पूजेचा तांब्या घेऊन बर्फातून पामकडे निघालेल्या. त्यांनी बादली उचलली, पाला बाजूला केला आणि अख्खा तांब्या शेंड्यावर ओतला. मग सगळं होतं तसं नीट झाकून ठेवलं. हे रोजचं असणार, हात इतका सरावलेला होता.

माझं डोकंच फिरलं. सपाता घालून तशीच धावले. बादली काढून बघते तर आत बर्फाचा गोळा आणि कोंभाचं टोक तपकिरी. तुमचा मुलगा इथं जिवाचं रान करतोय आणि तुम्ही हे काय चालवलंय, म्हणत मी बोलू नये ते बोलले. आत आल्यावर त्या तांब्या पुसता पुसता म्हणाल्या, "शेवटी पाणी पाणी करत होते गं. डॉक्टर देऊ नका म्हणाले होते. मी नाही दिलं. मला वाटलं, बरे होतील."

त्यांच्या हातातला तांब्या घेऊन मी देवापाशी ठेवला आणि एवढंच म्हटलं, आई, यापुढे मुळाशी घाला. त्यांनी मान हलवली आणि तसंच करू लागल्या. नवऱ्याला मी ताकास तूर लागू दिली नाही.

मार्च सरता सरता त्यानं कापड सोडलं. मधला कोंभ हलकेच ओढून पाहिला, तर तो अलगद हातात आला. खाली नुसता चिखल, आणि वास असा की नाक धरावं. तो तिथंच ओल्या मातीत बसला. आधी बादलीला दोष दिला, मग थंडीला, मग म्हणाला, "याही वेळेला मला उशीरच झाला." माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण मागे दारात सासूबाई उभ्या होत्या. दुपारी त्यानं झाड उपटून टाकलं आणि खड्डा बुजवला.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेला. पूजा आटोपून सासूबाई भरलेला तांब्या घेऊन मागच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता कुठं घालू गं?"